पार्श्वभूमी : तळ्यातून वर आलेली विमाने आणि ‘मूळ’ या शब्दाचा गुंता

हॅलिफॅक्स हे चार इंजिनांचे ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. अशी ६,१७६ विमाने बनली. युद्धानंतर ती एकेक करून भंगारात गेली आणि अखंड असे एकही उरले नाही. आज संग्रहालयांत तीन हॅलिफॅक्स उभी आहेत, पण त्यांतले एकही कोणी वेळीच बाजूला काढून ठेवलेले नाही. दोन पाण्याखालून काढली, एक तुकड्यांतून जुळवले. तिघांबाबत तीन वेगळे निर्णय झाले, आणि जुन्या लष्करी विमानांच्या जतनाबद्दलचा जवळजवळ सगळा वाद या तीन निर्णयांत सापडतो.

पहिले विमान एप्रिल १९४२मध्ये नॉर्वेच्या एका फ्योर्डमध्ये दडलेल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेले होते. विमानविरोधी तोफांचा मारा लागल्यावर वैमानिकाने ते होक्लिंगेन नावाच्या गोठलेल्या तळ्यावर उतरवले. आतली माणसे वाचली. बर्फ वितळला तसे विमान तळाशी गेले आणि ३१ वर्षे तिथेच राहिले. १९७३ साली पाणबुड्यांनी ते वर काढले. पाणी गोडे आणि थंडगार, म्हणून धातू बऱ्यापैकी टिकला होता. लंडनजवळ हेन्डनच्या संग्रहालयात ते आज साधारण त्याच अवस्थेत आहे : चुरगळलेला पत्रा, भोके, उघड्या पडलेल्या फ्रेम. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे भंगार इथे कशाला ठेवले आहे, असेच वाटते.

दुसरे एप्रिल १९४५चे, युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे असतानाचे. नॉर्वेतल्या भूमिगत प्रतिकारकांना रसद टाकून परतताना ते म्योसा सरोवरात कोसळले. सहांपैकी एकच जण वाचला. १९९५ साली सुमारे २३० मीटर खोलीवरून ते काढले गेले, कॅनडातल्या ट्रेन्टनला नेले गेले आणि दहा वर्षे खपून २००५मध्ये पूर्ण झाले. कारखान्यातून नुकतेच बाहेर आल्यासारखे ते दिसते. रंग सपाट, पत्रा सरळ, बुरुजातल्या बंदुका जागच्या जागी.

तिसऱ्याची गोष्ट सर्वांत गमतीची. यॉर्कशरमधल्या एल्विंग्टनच्या संग्रहालयातल्या मंडळींना स्कॉटलंडच्या लुईस बेटावर हॅलिफॅक्सच्या धडाचा एक तुकडा मिळाला. एका शेतकऱ्याने त्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. पंख मिळेनात, तेव्हा युद्धानंतरच्या हेस्टिंग्ज या वाहतुकीच्या विमानाचे पंख घेतले, कारण दोन्ही विमाने एकाच कंपनीची आणि पंखांची रचना जवळची. बाकीचे हाताने घडवले. १३ सप्टेंबर १९९६ला, म्हणजे तेराव्या तारखेच्या शुक्रवारी, ते लोकांसमोर आणले आणि ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या युद्धकाळातल्या नामांकित हॅलिफॅक्सचेच नाव त्याला दिले.

आता यातले ‘मूळ’ कोणते? हेन्डनचे, असे उत्तर पटकन येते आणि माझेही तेच आहे. ट्रेन्टनच्या बाजूनेही सांगण्यासारखे बरेच आहे, हे खरे. हॅलिफॅक्सच्या आत सात माणसे कशी दाटीवाटीने बसत, पुढच्या काचेतून काय दिसे, ते तिथे समजते. हेन्डनच्या सांगाड्यात ते कल्पनेनेच भरून काढावे लागते. ट्रेन्टनला काम करणाऱ्यांचा हेतू मेलेल्यांचे स्मारक उभारणे हा होता, आणि स्मारक फाटक्या पत्र्याचे असू नये असे त्यांना वाटले तर त्यात चूक काढता येत नाही. पण ज्या क्षणी वाकलेला पत्रा उतरवून नवा रिव्हेटने बसवला जातो, त्या क्षणी तो पत्रा कसा वाकला, कोणत्या बाजूने आघात झाला, आतून कोणी काय तोडले, हा पुरावा कायमचा जातो. हेन्डनचा निर्णय उद्या कोणालाही बदलता येईल. ट्रेन्टनचा बदलता येणार नाही.

घोटाळ्याचे निम्मे मूळ शब्दांत आहे. मराठीत आपण जतन, संवर्धन, दुरुस्ती, जीर्णोद्धार, पुनर्बांधणी हे सगळे एकाच ओळीत बिनदिक्कत वापरतो. या धंद्यातली माणसे तसे करत नाहीत. ‘कॉन्झर्वेशन’ म्हणजे आहे ते आहे तसे थांबवून धरणे : गंज रोखायचा, सुटलेला रंग चिकटवायचा, नवे काही घालायचे नाही. ‘रिस्टोरेशन’ म्हणजे ठरावीक एका दिवशी ते जसे होते तसे परत आणणे, आणि कोणता दिवस हे आधी ठरवावे लागते. ‘रीबिल्ड’मध्ये आराखड्यावरून बहुतेक भाग नवे बनतात. त्याच्याही पुढे ‘रेप्लिका’, ज्यात जुने काहीच नसते. कागदावर या चार पायऱ्या स्वच्छ दिसतात. हँगरमध्ये मात्र त्या एकमेकींत मिसळतात, आणि मिसळण्यात पैसा असतो.

तो कसा, हे स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानावरून कळते. मे १९४०मध्ये फ्रान्सच्या कॅले परिसरातल्या किनाऱ्यावर उतरलेली दोन स्पिटफायर वाळूत गडप झाली होती. एक १९८०मध्ये वाळू सरकल्यावर उघडे पडले, दुसरे १९८६मध्ये खणून काढले. समुद्राच्या खाऱ्या वाळूत ४०-४५ वर्षे राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे काय होते, ते कोणालाही सांगावे लागू नये : पापुद्रे सुटतात, दाबला तर पत्रा बिस्किटासारखा तुटतो. त्यातून उडण्याजोगे धड किंवा पंखाचा स्पार, म्हणजे पंखाला आतून पेलणारी मुख्य तुळई, मिळत नाही. तरीही पहिले २०११मध्ये उडाले आणि दुसरे २०१४मध्ये. २०१५ साली त्यातले पहिले लंडनच्या लिलावात ३१ लाख पौंडांना गेले. विमानाचा बराच मोठा भाग नवा होता. विकली गेली ती त्याची ओळख. जुना क्रमांक, जुनी नोंदवही, कारखान्याची छोटी ओळखपट्टी आणि शक्य तितके जुने सुटे भाग यांच्याभोवती नवे विमान उभारायचे, ही पद्धत गेल्या तीनचार दशकांत इतकी रुळली की कॉकपिटमधली पट्टी तेवढी मूळ, असा विनोदच होऊन बसला आहे.

याचा बचाव करणारे म्हणतात, युद्धातही असेच चाले. एका स्पिटफायरला दुसऱ्याचे पंख, तिसऱ्याचे इंजिन लागत असे आणि क्रमांक तोच राही. मुद्दा बिनतोड वाटतो, पण युद्धातली अदलाबदल हा विमानाच्या आयुष्याचा भाग होता. २००५ साली कापलेला पत्रा त्या आयुष्यात येत नाही. ऐतिहासिक वास्तूंसाठी १९६४च्या व्हेनिस सनदेने नियम घातला की जिथे तर्क करावा लागतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. विमानाच्या बाबतीत तर्क क्वचितच करावा लागतो, कारण कारखान्याची रेखाचित्रे बऱ्याचदा उपलब्ध असतात. त्यामुळे थांबायचे कुठे हे कोणी सांगत नाही.

मागच्या काळाकडे वळले तर फार सांगण्यासारखे नाही. १९०९ साली अमेरिकी लष्कराने घेतलेले पहिले विमान दोनच वर्षांत संग्रहालयात गेले, पण तसे अपवाद थोडे. दुसऱ्या महायुद्धानंतर जे झाले ते निव्वळ संहार होता. अ‍ॅरिझोनातल्या किंगमनच्या धावपट्टीवर पाच हजारांहून अधिक विमाने रांगेत उभी केली होती. त्यातली बहुतेक भट्टीत वितळवून ॲल्युमिनियमच्या विटा झाल्या. स्टर्लिंग या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाच्या २,३७१ प्रतींपैकी एकही पूर्ण विमान आज नाही. लिबरेटर ही अमेरिकी बॉम्बफेकी विमाने अठरा हजारांहून अधिक बनली. आज संग्रहालयांत मोजकीच दिसतात, आणि त्यातली बरीचशी भारतातून गेलेली आहेत. ब्रिटिशांनी कानपूरला मुद्दाम नासवून टाकलेल्या लिबरेटरमधून चाळीसच्या आसपास विमाने इथल्या कारागिरांनी पुन्हा उभी केली, ती १९६८पर्यंत उडाली आणि मग ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत पोहोचली. जतनाचा हेतू कोणाचाच नव्हता. गरज होती म्हणून वापरले, आणि वापरले म्हणून वाचले.

हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ही असेच नशिबावर तगले. १९४९ साली ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहाकडे आले खरे, पण जागा नसल्याने १९५०च्या दशकात कित्येक वर्षे उघड्यावर उभे राहिले. पक्ष्यांनी घरटी केली, हौशी लोकांनी भाग पळवले. १९८४मध्ये काम सुरू झाले, त्यावर सुमारे तीन लाख मनुष्यतास खर्ची पडले. १९९५ला त्याचे पुढचे धड मांडायची वेळ आली तेव्हा भांडण पेटले ते सोबतच्या मजकुरावरून. विमान कसे दिसावे याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ते काय सांगते, यावर होती. आखलेले प्रदर्शन गुंडाळले गेले आणि अगदी त्रोटक माहितीसह धड मांडले गेले. संपूर्ण विमान एकसंध दिसायला २००३ साल उजाडले.

वॉशिंग्टनजवळच आणखी एक उदाहरण आहे, जे मला जास्त बोलके वाटते. ‘फ्लॅक-बेट’ हे मरॉडर जातीचे अमेरिकी बॉम्बफेकी विमान युरोपवर दोनशेहून अधिक मोहिमा करून परतले. त्याच्या अंगावर हजारावर ठिगळे आहेत आणि रंग युद्धातलाच आहे. तिथल्या कारागिरांनी ठरवले की ते रंगवायचे नाही. पोपडे सुटलेला रंग जागच्या जागी चिकटवायचा, ठिगळांना हात लावायचा नाही. याउलट ‘मेम्फिस बेल’ हे बी-१७ जातीचे बॉम्बफेकी विमान अनेक वर्षे उघड्यावर उन्हापावसात होते. ते २००५ साली डेटनच्या संग्रहालयात नेले आणि १७ मे २०१८ रोजी, पंचविसाव्या मोहिमेच्या ७५व्या वर्षी, नव्या रंगात लोकांसमोर आले. उघड्यावर राहिल्यावर जुना रंग उरलाच कुठे होता, की तो जपावा! म्हणजे निर्णयाआधीच बरेच काही ठरून गेलेले असते.

सर्वांत वाईट उदाहरण इजिप्तच्या वाळवंटातले. १९४२मध्ये उतरलेले किटीहॉक जातीचे एक लढाऊ विमान ७० वर्षे तिथे पडून होते. कोरड्या हवेत ते थक्क व्हावे इतके टिकले आणि २०१२ साली सापडले. पुढे अल अलामेनच्या संग्रहालयात ते रंगवून मांडण्यात आले. त्या भडक रंगाने जाणकारांनी कपाळावर हात मारला. सत्तर वर्षांच्या वाळूने जे घासले नाही ते एका ब्रशने झाकले.

उडवायचे की नाही, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर प्रेक्षक आणि कारागीर वेगवेगळे देतात. उडणाऱ्या विमानाचा आवाज ऐकायला हजारो लोक जमतात, त्यातूनच पैसा येतो. पण उडणे म्हणजे झिजणे. ब्रिटनमधल्या एकमेव उडत्या लँकास्टर या बॉम्बफेकी विमानाचा मुख्य स्पार १९९५-९६मध्ये बदलावा लागला. व्हल्कन हे युद्धानंतरचे जेट बॉम्बफेकी विमान २००७ला पुन्हा उडाले आणि २०१५ला थांबले, कारण तांत्रिक हमी देणाऱ्या कंपन्यांनी पुढे साथ देणे बंद केले. लाकडी मॉस्किटो १९९६मध्ये कोसळल्यावर उडते एकही उरले नव्हते; २०१२ साली न्यूझीलंडमध्ये एक पुन्हा उडाले, पण त्याचे लाकूडकाम नव्या साच्यांवर घडवलेले होते. १९४७मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर उतरलेले ‘की बर्ड’ हे बी-२९ तिथेच दुरुस्त करून उडवण्याची खटपट १९९५ला झाली आणि उड्डाणाच्या तयारीत असताना त्याला आग लागून ते जळाले. २०१९मध्ये कनेटिकटमध्ये एक बी-१७ कोसळून सात, तर २०२२मध्ये डॅलसला दोन विमानांच्या टकरीत सहा माणसे गेली. २०२३मध्ये पंखांच्या जोडांत दोष आढळल्यावर उडत्या बी-१७ना तपासणीचे आदेश निघाले.

या सगळ्यात १९७३च्या हेन्डनसारखा निर्णय पुन्हा कोणी घेतला का? घेतला. २०१३च्या जूनमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या वाळूच्या पट्ट्यातून डॉर्नियर १७ हे जर्मन बॉम्बफेकी विमान उचलण्यात आले. तोवर त्या जातीचे एकही पूर्ण विमान कोणत्याच संग्रहात नव्हते. समुद्रातून आलेल्या ॲल्युमिनियमला हवा लागली की आत मुरलेले मीठ काही दिवसांतच खायला सुरुवात करते, म्हणून धड आणि पंख कॉसफर्डच्या संग्रहालयात प्लॅस्टिकच्या बोगद्यांत ठेवले आणि त्यावर सायट्रिक आम्लाच्या पाण्याचा फवारा सुरू केला. शिंपल्यांचा आणि चुन्याचा थर सैल होत गेला, खाली कुठे कुठे मूळ रंगही दिसला. ते नव्यासारखे करायचे नाही, हे समुद्रातून बाहेर येण्याआधीच ठरले होते. सापडले तसेच ते ठेवायचे.