अभिजात मोटारींची हिवाळी इंधनव्यवस्था

अभिजात मोटारींची हिवाळी इंधनव्यवस्था : ब्रिटन, जर्मनी, स्वीडन व उत्तर अमेरिका येथील थंड प्रदेशांत हौसेने जतन केलेल्या जुन्या मोटारी साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत उभ्या ठेवतात. त्या मुदतीत टाकीत, नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागात) राहणाऱ्या पेट्रोलची करावी लागणारी तजवीज म्हणजे ही व्यवस्था. गाडी उभी ठेवण्याचे आजचे मुख्य कारण थंडीपेक्षा रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी टाकले जाणारे मीठ हे होय. जर्मनीत तर १९९७ पासून वर्षातील ठरावीक महिन्यांपुरतीच वैध असणारी हंगामी क्रमांकपट्टी मिळते. मूळ प्रथा मात्र बिनटपाच्या गाड्या आणि बर्फाने बंद पडणारे रस्ते यांच्या काळातील, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील असावी.

उभ्या गाडीतील पेट्रोल दोन प्रकारे उतरते. ब्यूटेन, पेंटेन यांसारखे हलके घटक उडून गेल्याने थंड एंजिन सुरू होण्यास लागणारी वाफ कमी पडते. दुसरीकडे, ओलेफिन वर्गातील (कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेल्या) हायड्रोकार्बनांचे हवेतील ऑक्सिजनामुळे ऑक्सिडीकरण होऊन पेरॉक्साइडे व त्यांपासून चिकट राळ तयार होते. यूरोपीय मानक ईएन २२८ नुसार पेट्रोलने प्रवेगी चाचणीत किमान ३६० मिनिटे ऑक्सिडीकरणास दाद देता कामा नये. तथापि ही चाचणी बंद भांड्यात होते, तर जुन्या गाडीत पेट्रोलचा तांब्याच्या नळीशी संबंध येतो आणि तांबे ही क्रिया जलद करते. सर्वांत आधी नुकसान होते ते कार्ब्युरेटरच्या फ्लोटकक्षात, म्हणजे तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणाऱ्या छोट्या कप्प्यात. तेथील जेमतेम काही चमचे पेट्रोल महिन्या-दोन महिन्यांत आटते, तळाशी पिवळसर वॉर्निशाचा थर उरतो आणि जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचे, केसाएवढे छिद्र बुजते.

टाकी भरून ठेवावी की रिकामी, हा या विषयातील जुना वाद आहे. भरून ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा आधार असा की, मोकळ्या जागेतील हवा रात्री गार झाली की तिच्यातील बाष्प टाकीच्या पत्र्यावर साकळते. पाण्याचे प्रमाण पाहता हा युक्तिवाद ताणलेला दिसतो. २० अंश सेल्सिअसला संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम, तर शून्य अंशाला सुमारे ५ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे ५० लिटरची पूर्ण रिकामी टाकी एकदा २० अंशांवरून शून्यावर आली, तरी जेमतेम ०.६ ग्रॅम पाणी सुटेल. दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंशांचा फरक धरला, तर झाकणाच्या श्वासछिद्रातून रोज पावणेदोन लिटर हवा आत-बाहेर होते आणि तिच्यातील सगळे बाष्प आतच राहिले असे मानूनही पाच महिन्यांत तीन-चार ग्रॅमच पाणी जमते. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. दहा टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोल, म्हणजे ई १०, साधारण तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते, म्हणजे दहा लिटरमध्ये ५० मिलिलिटर. थंडीत ही मर्यादा खाली येते. ती ओलांडली की इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर तळाशी बसतो, नेमका तेथूनच पंप इंधन ओढतो आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक (एंजिनात अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचे माप) घसरतो. पण ही स्थिती येते ती बहुधा गळक्या झाकणातून पाणी शिरल्यामुळे. याउलट इथेनॉलविरहित पेट्रोलात पाणी जवळजवळ विरघळत नाही. तेथे एखादा ग्रॅमही टाकीच्या तळच्या सांध्याशी साचून राहतो आणि तिथेच पत्रा कुजतो. तेव्हा भरलेल्या टाकीच्या बाजूने खरा पुरावा आहे तो गंजाचा आणि बाष्पीभवनाचा.

व्यवहारात ताजे पेट्रोल काठोकाठ नव्हे, तर प्रसरणाला जागा ठेवून भरतात, ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य मिसळतात व ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचावे म्हणून एंजिन काही मिनिटे चालवतात. मग नळ बंद करून फ्लोटकक्ष कोरडा होईपर्यंत एंजिन चालू ठेवतात. हे द्रव्य बिघाड लांबवते. शिळे पेट्रोल त्याने ताजे होत नाही. टाकी उपसायची असल्यास ब्रिटनमध्ये २०१४ च्या नियमांनुसार घरी अधिसूचनेविना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते आणि प्लॅस्टिकचा डबा १० लिटरहून मोठा चालत नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून ई १० हे प्रमाणित पेट्रोल झाल्याने जुन्या गाड्यांचे मालक हिवाळ्यापूर्वी कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल भरणे पसंत करतात. फोर्डच्या मॉडेल टीसारख्या गाड्यांतील बुचाच्या फ्लोटवर शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचाच, लेप असे; तो इथेनॉलासारख्या अल्कोहोलात विरघळतो.

महाराष्ट्रात हिवाळा हा अशा गाड्या बाहेर काढण्याचा हंगाम असून त्या झाकून ठेवल्या जातात त्या पावसाळ्यात. मुंबईच्या जुलैतील हवेत दर घनमीटरला वीस ग्रॅमहून अधिक बाष्प असते. मात्र दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक थोडा असल्याने टाकीचा श्वासोच्छ्वासही मंद राहतो. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आल्यावर येथील मालकांची चिंता पाण्यापेक्षा इथेनॉलने खराब होऊ शकणाऱ्या जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे यांच्याकडे वळली आहे.