फेकीचा हात आणि मैदानाची राखण: आउटफिल्डरचं मोठेपण नेमकं कशात?

१० जून २०१४, ॲनाहाइमचं एंजल स्टेडियम, बेसबॉलचा सामना, आठवी इनिंग. माइक ट्राउटने चेंडू लेफ्ट फील्डकडे, म्हणजे मैदानाच्या मागच्या डाव्या भागाकडे मारला. ओकलंडचा योएनिस सेस्पेडेस तो अडवायला गेला आणि चेंडू त्याला चकवून मागे, कोपऱ्याच्या दिशेने घरंगळत गेला. पहिल्या बेसवरून सुटलेला हावी केंड्रिक ते पाहून तिसऱ्या बेसला वळसा घालून थेट होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागेकडे निघाला. सेस्पेडेसने मागे पळत चेंडू गाठला, उचलला आणि फेकला. जवळपास ३०० फूट अंतर. मध्ये कोणी नाही, टप्पाही नाही. चेंडू हवेतूनच होम प्लेटवरच्या कॅचर डेरेक नॉरिसच्या ग्लव्हमध्ये आला आणि केंड्रिक आउट झाला.

इतकी देखणी फेक मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. तरीही मला विचाराल की ते उत्तम क्षेत्ररक्षण होतं का, तर उत्तर ‘नाही’ असंच आहे. चेंडू पहिल्याच वेळी नीट अडवला असता तर केंड्रिक होमकडे पळायच्या भानगडीत पडला नसता आणि त्या फेकीची वेळच आली नसती. स्कोअरबुकात मात्र सेस्पेडेसच्या नावापुढे एक असिस्ट लागला, म्हणजे रनरला बाद करणाऱ्या फेकीचं श्रेय.

गोंधळ होतो तो इथेच. ताकदवान हात आणि थोर क्षेत्ररक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच माणसात असू शकतात, एकमेकींना मदतही करतात, पण एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. बेसबॉलचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे पारखी, ही गल्लत करत नाहीत. होतकरू खेळाडूचे ते पाच गुण जोखतात: चेंडूला बॅट लावणं, जोरात मारणं, पळणं, क्षेत्ररक्षण आणि फेक. शेवटच्या दोन्हींना २० ते ८० या मोजपट्टीवर वेगवेगळे गुण मिळतात. फेकीला ७० आणि क्षेत्ररक्षणाला ४५ मिळालेला पोरगा त्यांना मुळीच नवलाचा वाटत नाही.

आधी हाताबद्दल. मैदानाच्या मागच्या भागात तीन आउटफिल्डर असतात: लेफ्ट, सेंटर आणि राइट. उंच उडालेला चेंडू त्यांनी टिपला की बॅटर बाद होतो, पण खेळ थांबत नाही. बेसवर उभा असलेला रनर चेंडू आउटफिल्डरच्या हाताला लागेपर्यंत बेसला पाय लावून थांबतो आणि मग पुढच्या बेसकडे धाव घेऊ शकतो. तिसरा बेस ते होम हे अंतर ९० फूट. चांगला रनर ते साडेतीन ते चार सेकंदांत कापतो. तेवढ्या वेळात आउटफिल्डरने चेंडू ग्लव्हमधून काढायचा, पाय जुळवायचे, फेकायचं आणि कॅचरने रनरला चेंडू लावायचा.

ग्लव्हमधून चेंडू काढण्याचा तो क्षण जवळून बघण्यासारखा असतो. चेंडूवर लाल शिवण असते आणि बोटं त्या शिवणीवर आडवी बसायला हवीत. तशी बसली की सुटताना चेंडू मागच्या बाजूला गरगरतो, हवेत तरंगून राहतो आणि सरळ जातो. बोटं शिवणीच्या बाजूने, उभी पडली की तोच चेंडू शेवटच्या टप्प्यात एका अंगाला वळतो आणि कॅचरला होम प्लेट सोडून बाजूला जावं लागतं. बघायला वेळ नसतो, शिवण अंधारात चाचपावी तशी बोटांनीच शोधायची. त्याच वेळी पाय एक छोटी उडी घेतात. तिला तिकडे ‘क्रो हॉप’ म्हणतात, कावळ्याची उडी. पळण्याचा सगळा जोर त्या उडीतून खांद्यात येतो. हात तगडा आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला बराचसा वाटा पायांचा आणि कमरेचा असतो.

आता थोडा हिशेब करू. ताशी ९० मैल म्हणजे सेकंदाला १३२ फूट. हवेचा रोध सोडून दिला तर २५० फुटांच्या फेकीला ताशी ९० मैलांनी साधारण १.९ सेकंद लागतात आणि ताशी ९५ मैलांनी १.८. म्हणजे ताशी पाच मैलांचा जादा जोर, ज्यासाठी हाताचं इतकं कौतुक होतं, तो वाचवतो एक दशांश सेकंद. तेवढ्यात मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमधला सरासरी वेगाचा रनर, सेकंदाला २७ फुटांच्या हिशेबाने, पावणेतीन फूट पुढे जातो. होम प्लेटवर पावणेतीन फूट पुष्कळ झाले, हे कबूल. पण हाच हिशेब पायांना लावून बघा. आउटफिल्डर चेंडूकडे जाताना वाकडी वाट धरून पाच फूट जास्त पळाला, तर त्याच वेगाने जवळपास दोन दशांश सेकंद गेले. खांद्याने कमावलेलं पायांनी दुप्पट करून घालवलं. म्हणून हाताची पारख मला कधीच फक्त रडारच्या आकड्यावरून करवत नाही.

आकडे खोटे नसतात. एप्रिल २०१६ मध्ये यँकीजच्या ॲरन हिक्सने ओकलंडविरुद्ध ताशी १०५.५ मैल वेगाने होमवर फेक केली आणि डॅनी व्हॅलेन्सिया बाद झाला. अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे ती. पण जोरासोबत नेम हवा, आणि नेमाइतकाच विवेक. फेक कटऑफच्या, म्हणजे मधे उभ्या राहिलेल्या इनफिल्डरच्या डोक्याच्या उंचीवरून जायला हवी. होमवर रनर बाद होण्यासारखा नसेल तर तो ती मधेच पकडतो आणि दुसरीकडे वळवतो. त्याच्या डोक्यावरून वीस फूट उंच गेलेली फेक प्रेक्षकांना आवडते. पण तेवढ्यात पहिल्या बेसवरचा बॅटर आरामात दुसऱ्यावर पोहोचतो. व्लादिमिर गरेरो यांचा उजवा हात त्यांच्या पिढीतल्या सर्वांत भीतिदायक हातांपैकी होता, २०१८ मध्ये ते हॉल ऑफ फेममध्येही, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतही गेले. पण अनेक हंगामांत राइट फील्डरांमधल्या सर्वाधिक चुका त्यांच्याच नावावर लागल्या आणि गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणासाठी दरवर्षी दिलं जाणारं पारितोषिक, त्यांना एकदाही मिळालं नाही.

असिस्टच्या आकड्यात तर याहून मोठी मेख आहे. पिट्सबर्गचे रोबेर्तो क्लेमेंते घ्या. पोर्तो रिकोत शाळकरी वयात ते भालाफेक करायचे. १९६१ ते १९७२ अशी सलग १२ वर्षं गोल्ड ग्लव्ह, कारकिर्दीत २६६ असिस्ट. १९६१ या एकाच वर्षात २७. मग लीगमध्ये शब्द फिरला की क्लेमेंतेच्या दिशेने चेंडू गेला तर जादा बेस घ्यायच्या फंदात पडू नका. जो रनर धावलाच नाही, त्याची नोंद कुठल्याही रकान्यात होत नाही. खरोखर धाक असलेल्या हाताचं सगळ्यात मोठं काम न टाकलेल्या फेकीत असतं, आणि असिस्टच्या यादीत ते दिसूच शकत नाही. उलट ज्याचा हात कमजोर आहे असा बोभाटा झालेला असतो, त्याच्यावर सगळे धावतात, आणि धावणारे जास्त म्हटल्यावर बाद होणारेही निघतात.

रिची ॲशबर्न यांची गोष्ट मला म्हणूनच फार प्रिय आहे. फिलाडेल्फियाचे हे सेंटर फील्डर. पाय चपळ, हात मात्र बेताचा अशी त्यांची ख्याती. १ ऑक्टोबर १९५० हा हंगामाचा शेवटचा दिवस होता. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर सामना, नवव्या इनिंगमध्ये १–१ अशी बरोबरी. दुसऱ्या बेसवर कॅल एब्रम्स, पहिल्यावर पी वी रीझ, एकही बाद नाही. एक धाव झाली की ब्रुकलिन जिंकणार. ड्यूक स्नायडरने सेंटर फील्डकडे खणखणीत सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका मारला आणि तिसऱ्या बेसच्या कोचने एब्रम्सला होमकडे पिटाळलं. फेक करणार ॲशबर्न, मग घाबरायचं कशाला? पण ॲशबर्न पुढे सरकलेले होते. त्यांनी जमिनीवरचा चेंडू पळता पळताच उचलला आणि थेट कॅचर स्टॅन लोपाटाकडे दिला. एब्रम्स होमपासून बराच अलीकडे असतानाच बाद झाला. दहाव्या इनिंगमध्ये डिक सिस्लरच्या होमरनने फिलाडेल्फियाने ४–१ असा सामना जिंकला आणि १९१५ नंतर प्रथमच लीगचं विजेतेपद मिळवलं.

ती फेक जोराची नव्हतीच, जवळून केलेली होती. आणि ती जवळून करता आली, कारण माणूस योग्य जागी उभा होता आणि चेंडूची वाट न बघता त्याच्याकडे धावला. याच ॲशबर्ननी चार हंगामांत प्रत्येकी ५०० हून अधिक बॅटर झेल टिपून बाद केले. आउटफिल्डरच्या हातून एका हंगामात थेट बाद होणारे रनर फार तर दहा-वीस. झेल शेकड्यांनी. त्यातले बहुतेक झेल कोणीही घेईल, पण पाच-पन्नास असे असतात जे एकाला मिळतात आणि दुसऱ्याला नाही. हंगामाचा निकाल फिरवण्याची ताकद मुख्यत्वे त्या पाच-पन्नासांत आहे, फेकीत त्या मानाने कमी.

मैदानाची राखण म्हणायची ती ही. बॅटवर चेंडू बसण्याचा आवाज आणि पहिलं पाऊल यांत किती वेळ गेला? ते पाऊल बरोबर दिशेने पडलं का? चेंडू जिथे पडणार तिथे माणूस सरळ रेषेत गेला की हेलकावे खात? मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर २०१५ पासून स्टॅटकास्ट ही कॅमेरे आणि रडारची यंत्रणा आहे, आणि तिने हे सुटं करून दाखवलं. पहिल्या दीड सेकंदातली प्रतिक्रिया, पुढच्या दीड सेकंदातला झपाटा आणि वाटेचा सरळपणा, असे तीन भाग. चेंडू किती वेळ हवेत होता आणि खेळाडूला किती लांब जायचं होतं, यावरून प्रत्येक झेलाची शक्यता निघते. २५ टक्के किंवा त्याहून कमी शक्यतेचा झेल पाच ताऱ्यांचा. या शक्यतांवरून सरासरी खेळाडूपेक्षा किती जादा बॅटर बाद केले तेही काढतात. या मोजणीत फेक धरतच नाहीत, तिचा हिशेब वेगळा होतो. टोरोंटोचा डॉल्टन वार्शो याचं ठळक उदाहरण आहे. हात सरासरीपेक्षा कमी, तरी २०२४ चं सेंटर फील्डचं गोल्ड ग्लव्ह त्याला मिळालं, ते पाय आणि नजर यांच्या बळावर.

उभं राहायची जागा हीसुद्धा कलाच. अटलांटाच्या अँड्रू जोन्सने १९९८ ते २००७ सलग दहा गोल्ड ग्लव्ह मिळवली. तो सेंटर फील्डमध्ये इतका पुढे उभा राहायचा की डोक्यावरून जाणारा चेंडू त्याला कसा मिळेल असं वाटावं. पण मागे वळून पळताना चेंडू कुठे पडणार हे त्याला आधीच कळलेलं असायचं. पुढे उभं राहिल्यामुळे समोर पडणारे छोटे फटके त्याच्या हातात यायचे आणि फेकीचं अंतरही आपोआप कमी व्हायचं. हाताची मदत पाय करतात ती अशी.

कोणत्या जागेला काय लागतं यातही फरक आहे. राइट फील्डमधून तिसरा बेस सगळ्यात दूर, म्हणून तिथे हात हवाच. ११ एप्रिल २००१ रोजी ओकलंडमध्ये सिएटलच्या इचिरो सुझुकीने पहिल्यावरून तिसऱ्याकडे पळणाऱ्या टेरेन्स लाँगला राइट फील्डमधून बाद केलं. चेंडू जमिनीला समांतर, जणू दोरी ताणल्यासारखा आला होता. इचिरोचा तो मेजर लीगमधला पहिलाच महिना होता. सेंटरला पाय आधी, हात नंतर. लेफ्टला हात थोडा कमी असला तरी चालतं. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तर लेफ्ट फील्डच्या मागे ३७ फूट उंच भिंत आहे. कार्ल यास्त्रेम्स्की तिच्यावर आपटून चेंडू कुठे उसळणार हे अचूक ओळखायचे. कधी झेल घेणार असा आव आणून रनरला जागीच थबकवायचे आणि उसळलेला चेंडू उचलायला तयार राहायचे. ती चलाखी रडारवर उमटत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच क्षणी बघायच्या असतील तर मी २९ सप्टेंबर १९५४ कडे वळतो. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, आठवी इनिंग, २–२ बरोबरी. क्लीव्हलंडचा लॅरी डोबी दुसऱ्या बेसवर, अल रोझन पहिल्यावर, कोणी बाद नाही. विक वर्ट्झने चेंडू सेंटर फील्डमध्ये ४०० फुटांहून दूर मारला. न्यूयॉर्क जायंट्सचे सेंटर फील्डर विली मेज होमकडे पाठ करून पळत सुटले आणि खांद्यावरून आलेला चेंडू त्यांनी पळतानाच झेलला. सगळं जग या झेलाबद्दल बोलतं. मेज यांनी मात्र नंतर सांगितलं की झेल मिळणार याची त्यांना खात्री होती, पळताना विचार चालला होता तो डोबीचा. इतक्या खोल झेलावर डोबी दुसऱ्या बेसवरून थेट होमपर्यंत येऊ शकला असता.

झेल हातात येताच मेज थांबले, गर्रकन वळले, टोपी उडाली, अंगाचा पूर्ण पीळ सोडून त्यांनी चेंडू इनफिल्डकडे फेकला आणि स्वतः जमिनीवर पडले. डोबी तिसऱ्या बेसवरच थांबला. रोझनला पहिल्यावर परतावं लागलं. त्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडला एकही धाव मिळाली नाही आणि दहाव्या इनिंगमध्ये जायंट्स ५–२ ने जिंकले. स्कोअरबुकात मेज यांच्या नावावर त्या चेंडूसाठी एक झेल लागला. फेकीने कोणी बाद झालं नव्हतं, म्हणून असिस्ट लागला नाही.