फीरिएलचा हक्क : गोंडोरच्या गादीचा जुना तंटा

टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अ‍ॅरागॉर्नच्या, गोंडोर राज्याच्या गादीवरच्या दाव्याची चर्चा निघाली की ती त्याचा पूर्वज इसिल्दुर याच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. खरा तंटा त्याच्या राज्याभिषेकाच्या हजारएक वर्षं आधीचा, तिसऱ्या युगातल्या १९४४ सालचा आहे आणि त्याच्या मुळाशी एका राजकन्येचा हक्क आहे.

त्याआधीचं थोडक्यात. नूमेनोर या बेटावरच्या राज्याचा पहिला राजा एल्रोस अर्धा एल्फ होता; त्याने माणसाचं मरण पत्करलं, तरी तो ५०० वर्षं जगला. नूमेनोरच्या लोकांना इतर माणसांच्या तिप्पट आयुष्य मिळालं. चौथ्या राजाची थोरली लेक सिल्मारिएन. मुलगी म्हणून तिला डावलून गादी धाकट्या भावाकडे गेली. पुढे सहाव्या राजाला एकच मुलगी झाली, तेव्हा कायदा झाला : मुलगा असो वा मुलगी, राजदंड थोरल्या अपत्याचा. सिल्मारिएनला त्याचा काही उपयोग झाला नाही. पण आन्दूनिएचे सरदार तिचेच वंशज आणि बेट बुडाल्यावर उत्तरेत आर्नोर व दक्षिणेत गोंडोर वसवणारा एलेन्दिल याच घराण्यातला; इसिल्दुर आणि अनारिओन हे त्याचे मुलगे. म्हणजे या दोन्ही राज्यांच्या राजघराण्यांचं नूमेनोरच्या राजवंशाशी नातं आहे ते एका लेकीमुळे.

आता १९४४. गोंडोरचा राजा आणि त्याचे दोन्ही मुलगे एकाच युद्धात पडले. मागे उरली मुलगी फीरिएल. ती उत्तरेच्या युवराजाला, अर्वेदुईला, दिलेली होती. त्याने दावा दोन पायांवर उभा केला. पहिला, आपण इसिल्दुरचे थेट वारस. हा लंगडा होता, कारण दक्षिणेचं राज्य इसिल्दुरने स्वतःच पुतण्याच्या, अनारिओनच्या मुलाच्या, हवाली केलं होतं. दुसरा पाय भक्कम होता : आपल्या लोकांचा जुना कायदा थोरल्या अपत्याला गादी देतो, राजाचे मुलगे निपुत्रिक गेले, तेव्हा फीरिएलच वारस ठरते. परदेशी आल्यावर, सततच्या लढायांमुळे, तो कायदा पाळला गेला नाही हे त्याने स्वतःच मान्य केलं. पण न पाळलेला कायदा आणि रद्द केलेला कायदा यांत फरक आहे.

गोंडोरच्या राजसभेचं उत्तर होतं की इथे वारसा फक्त मुलग्यांकडून चालतो. जुन्या कायद्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. मुकुट राजकुळातल्याच, नुकत्याच लढाई जिंकून आलेल्या सेनापतीला मिळाला. तो राजा म्हणून चांगला निघाला, यात वाद नाही. पण ज्या घराण्याचं मूळच सिल्मारिएन, त्या घराण्याच्या गादीवरून फीरिएलला दूर ठेवायला एवढं उत्तर पुरेसं नव्हतं.

यामागे रक्त पातळ होण्याची जुनी धास्तीही पाहायला हवी. गोंडोरमधली १४३२ ते १४४७ ची भाऊबंदकी याच धास्तीतून पेटली : राजाची आई उत्तरेकडच्या अल्पायुषी लोकांतली, तेव्हा तिची संतती तशीच निघणार, असा बंडखोरांचा आक्षेप. तो राजा एल्दाकार २३५ वर्षं जगला. आयुष्य घटत होतं ते नूमेनोरला मिळालेली देणगी हळूहळू ओसरत होती म्हणून; सोयरिकीमुळे नव्हे. टॉल्कीनने कादंबरीच्या परिशिष्टात हे स्पष्ट लिहिलं आहे, तरी वाचकांमध्ये ‘शुद्ध रक्त म्हणून दीर्घायुष्य’ हा समज अजून टिकून आहे.

निकालानंतरचा हिशेब असा. उत्तरेचं राज्य १९७४ मध्ये बुडालं; अर्वेदुई पुढच्या वर्षी जहाजासह बर्फाळ समुद्रात गेला. गोंडोरने निवडलेल्या राजाचा मुलगा २०५० मध्ये, अविवाहितच, मिनास मॉर्गुल या शत्रूच्या गडाकडे घोडदौड करत गेला तो परतला नाही. त्यानंतर राजाच्या जागी राज्य चालवणाऱ्या कारभाऱ्यांची राजवट ९६९ वर्षं चालली. उत्तरेत मात्र फीरिएलचा वंश बापाकडून मुलाकडे अखंड चालू राहिला. राज्य गेल्यावर या वंशातले पुरुष आपल्या लोकांचे नायक झाले; त्यातला सोळावा नायक अ‍ॅरागॉर्न. अनारिओनचं रक्तही त्याच्यात तिच्याचमुळे आलं.

३०१९ मध्ये शेवटच्या सत्ताधारी कारभाऱ्याने त्याला नाकारलं ते १९४४ च्याच भाषेत : दावा सिद्ध झाला तरी हा इसिल्दुरच्या शाखेचा. महिन्या-दीड महिन्यात अ‍ॅरागॉर्न वयाच्या ८८ व्या वर्षी नगराच्या वेशीसमोर उभा राहिला. त्या कारभाऱ्याच्याच मुलाने त्याची बिरुदं वाचली, वंशावळ इसिल्दुर आणि एलेन्दिलपर्यंत नेली आणि हा राजा व्हावा का, असं जमलेल्या लोकांना विचारलं. लोकांनी होकार दिला. फीरिएलचं नाव तिथे कोणी घेतलं नाही.