ठाणे खाडीतील राहत्या नौकांची निगा व दुरुस्ती

राहण्याजोग्या नौकेवरील इंजिन, शाफ्ट (इंजिनाची गती पंख्याला देणारा दांडा), वीज, गोडे पाणी, गॅस आणि मैलापाणी या यंत्रणा चालू ठेवण्याची कामे, तसेच या यंत्रणा ज्यावर बसवलेल्या असतात त्या तळाची डागडुजी. राहत्या नौकांचा व्यवसाय भारतात मुख्यतः काश्मीरच्या दल व नगीन सरोवरांत आणि केरळच्या आलप्पुळा-कुमरकम भागात रुजला. काश्मिरी नौका बहुधा एका जागी बांधलेली असते, तर केरळची नौका डिझेल इंजिनावर फिरते. देखभालीच्या दृष्टीने ठाणे खाडीला केरळचे उदाहरण जवळचे आहे. मात्र भरती-ओहोटीचा जोर, गाळ आणि ऋतूनुसार बदलणारा खारेपणा यांमुळे ते जसेच्या तसे उचलता येत नाही. ठाण्याची चेंदणी आणि नवी मुंबईतील दिवा, वाशी, सारसोळे, दिवाळे या कोळीवाड्यांत मच्छीमार होड्यांवर जी रीत घडली, तीच येथील कामाचा पाया मानावी लागते.

इतिहास : उत्तर कोकणातील नौका मुळात काथ्याने शिवलेल्या होत्या की लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या, हा जुना वाद आहे आणि देखभालीच्या इतिहासात तो मध्यवर्ती ठरतो. शिवलेल्या नौकेची शिवण ठरावीक काळाने उसवून नवी घालावी लागते व फळ्यांना तेल पाजावे लागते. खिळ्यांच्या नौकेत सांधे कापसाने भरणे आणि गंजलेले खिळे बदलणे ही कामे येतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझच्या नौकांचे वर्णन केले आहे : फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या आणि डांबराऐवजी माशाच्या तेलाने माखलेल्या. त्याच्या वृत्तांतात ठाण्याचाही उल्लेख येतो, पण तो स्वतः येथे आला होता की ऐकीव माहिती देतो याबद्दल एकमत नाही. या वर्णनाच्या आधारे काही अभ्यासकांनी असे मत मांडले की, पश्चिम किनाऱ्यावर खिळे पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे सोळाव्या शतकात आले. दुसऱ्या मतानुसार दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदत होत्या आणि निवड कामानुसार होई. लाटांच्या किनाऱ्यावर आपटणाऱ्या होडीला शिवणीचा लवचिकपणा उपयोगी पडे, तर मोठ्या मालवाहू गलबताला खिळ्यांची मजबुती. पोलोच्याच वृत्तांतात भारताकडे येणाऱ्या चिनी जहाजांना लोखंडी खिळे असल्याचे नमूद आहे. म्हणजे खिळ्यांची बांधणी या समुद्रात पोर्तुगीजांपूर्वीच परिचित होती. हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत. त्यांचा काळ पूर्वी अकरावे-बारावे शतक धरला जाई. पुढे त्यांचा संबंध यादव महादेव आणि ठाण्याचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील सुमारे १२६५ च्या आरमारी युद्धाशी जोडण्यात आला. फळ्यांच्या जोडणीविषयी मात्र या शिल्पांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. शिवणीची परंपरा केरळच्या केट्टुवळ्ळम या नौकांत टिकली असून तेथील पर्यटन-नौका याच घाटाच्या आहेत.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर शिवाजी महाराजांनी त्या परिसरात नौका बांधायला सुरुवात केली. १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजाच्या हाताखाली काही कारागीर तेथे काम करत होते आणि नंतर ते निघून गेले, असे पोर्तुगीज पत्रव्यवहारावरून दिसते. त्यावरून मराठी आरमाराची सारी विद्या उसनी होती असे म्हणणे योग्य नाही. बांधणीचे आणि विशेषतः वार्षिक दुरुस्तीचे ज्ञान स्थानिक सुतार व कोळी यांच्याकडे आधीपासून असणारच. सामान्यतः १७१५ च्या सुमाराचे मानले जाणारे आज्ञापत्र, म्हणजे मराठी राज्यनीतीवरील ग्रंथ, आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण देते. लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, ही त्यातील ताकीद प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात नौका सुरक्षित बंदरात छावणीला आणण्याचा विचारही त्यात आहे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला सध्या १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या काळात होड्या शाकारून ठेवण्याची पद्धत याच जुन्या ऋतुचक्राशी जुळते.

नौका कोरडी करणे : तळाचे काम पाण्याबाहेरच होते. सुकी गोदी परवडत नसेल तेथे उधाणाच्या भरतीला नौका उंचवट्यावर नेऊन टेकू देतात आणि ओहोटीला काम उरकतात. भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याचे पाऊणपट. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती मध्यान्हीला येते, म्हणून दुपारी वर घेतलेल्या नौकेवर सायंकाळच्या ओहोटीत काम करता येते. खाडीत आत जावे तशी वेळ थोडी पुढे सरकते. सर्वांत मोठ्या भरतीच्याच दिवशी नौका चढवणे मात्र धोक्याचे. पुढच्या भरत्या उतरत्या असल्याने ती पुढील उधाणापर्यंत अडकून पडते. जाणते तांडेल (नौकेचे प्रमुख) शिखराच्या एक-दोन दिवस आधीच नौका वर घेतात, ते याच कारणाने. नौका वर असताना बार्नेकल व कालवे खरवडणे, लाकडात टेरेडो किंवा मार्टेसिया या लाकूड पोखरणाऱ्या शिंपलावर्गीय जीवांनी पाडलेली छिद्रे तपासणे, सांध्यांतला कापूस बदलणे, फायबरच्या तळावरील फुगे उघडून वाळवणे आणि शेवाळरोधक रंग देणे ही कामे होतात. कथिलयुक्त विषारी रंगांवर २००८ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. सध्या बहुधा तांब्याच्या ऑक्साइडचे रंग वापरतात.

गंज व झिंक : खाडीतील दुरुस्तीत सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आहेत. पितळी किंवा काशाचा पंखा (प्रोपेलर), स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट आणि लोखंडी सुकाणू एकाच खाऱ्या पाण्यात असले व विजेच्या दृष्टीने जोडलेले असले की त्यांच्यात विद्युत घट तयार होतो आणि अधिक क्रियाशील धातू झिजतो. ही झीज स्वतःवर घेण्यासाठी जो धातूचा तुकडा बसवतात त्याला मिस्त्री लोक सरसकट ‘झिंक’ म्हणतात, मग तो कशाचाही असो. उघड्या समुद्रात, जेथे खारेपणा हजारी ३५ भागांच्या आसपास असतो, जस्त उत्तम काम करते. परंतु पावसाळ्यात पाण्याचे लोंढे आले की ठाणे खाडीचा वरचा भाग निमखारा होतो. अशा पाण्यात जस्तावर घट्ट थर चढतो व ते निष्क्रिय होते. वरून तुकडा जवळपास नवा दिसतो आणि मालक समाधानी राहतो, पण झीज पंख्यावर आणि शाफ्टवर चालूच असते. न झिजलेले झिंक हे चांगले लक्षण नव्हे, हे प्रत्येक नौकामालकाने मनावर घ्यायला हवे.

निमखाऱ्या पाण्यासाठी अॅल्युमिनियमचा मिश्रधातू योग्य. त्यात सुमारे ५ टक्के जस्त आणि अगदी अल्प इंडियम असते; इंडियममुळे पृष्ठभागावर निष्क्रिय थर टिकत नाही. एक किलो जस्त सुमारे ७८० अँपिअर-तास संरक्षण देते, तर असे अॅल्युमिनियम सुमारे २,५०० अँपिअर-तास. मॅग्नेशियम केवळ गोड्या पाण्यासाठी असून खाऱ्यात ते फार वेगाने संपते. निम्मा झिजला की तुकडा बदलावा, त्यावर रंग कधीही लावू नये आणि बसवण्याची जागा चकचकीत घासून घ्यावी. खात्री करायची असल्यास चांदी-क्लोराइड संदर्भ विद्युताग्राने (इलेक्ट्रोडने) धातूचे विभव, म्हणजे व्होल्टेज, मोजतात. पोलाद सुरक्षित राहण्यासाठी ते उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असावे लागते. याउलट लाकडी नौकेत संरक्षण वाजवीपेक्षा जास्त झाले तर धातूच्या भागांभोवती अल्क (अल्कली) तयार होऊन लाकूड भुसभुशीत होते. म्हणून लाकडी तळावर तुकडे वाढवत जाणे घातक आहे.

खाडीच्या तळाचा काळा चिखल हा आणखी एक घटक. प्राणवायूविना जगणारे जीवाणू त्यात सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. सल्फाइडयुक्त पाण्यात तांब्याच्या मिश्रधातूंवरील संरक्षक थर बिघडतो आणि नळ्यांना खड्डे पडतात. ओहोटीला चिखलात बसणाऱ्या नौकेच्या तांबे-निकेल नळ्या म्हणूनच अधिक वेळा उघडून पाहाव्यात.

इंजिन व शाफ्ट : खाडीचे पाणी थेट आत घेऊन इंजिन थंड करण्याची पद्धत येथे सर्वांत लवकर दगा देते. गाळामुळे चाळणी तुंबते, पंपातील पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राची, म्हणजे इंपेलरची, पाती झिजतात, आणि पाणी थांबले तर काही मिनिटांतच इंपेलर फाटतो. फाटलेल्या पात्याचा प्रत्येक तुकडा शोधून काढावा लागतो, अन्यथा तो उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकतो. तळाबाहेरून नळी फिरवून तीत बंदिस्त गोडे पाणी खेळवण्याची रचना खाडीसाठी अधिक विश्वासार्ह होय. मात्र त्या नळीवर बार्नेकल साचू देता कामा नये व तिच्यावर रंगाचे जाड थर देऊ नयेत. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तेथील ग्लँडमधील पॅकिंग (पाणी रोखणारी भरण) नौका चालू असताना थोडे ठिबकलेच पाहिजे. ठिबक पूर्ण बंद होईपर्यंत नट आवळल्यास पॅकिंग तापून शाफ्टवर चरे पडतात. पाण्यातील गाळाने रबरी बेअरिंगही झिजते, आणि पंख्याजवळ शाफ्ट हाताने हलू लागला की ते बदलायची वेळ आली असे समजावे.

वीज : इंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि दिवे-पंखे-फ्रीजची बॅटरी वेगळी ठेवणे हा पहिला नियम. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली व विसावलेली असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी असते, त्याखाली वारंवार उतरवल्यास आयुष्य घटते. धक्क्यावरून २३० व्होल्टचा पुरवठा घेताना ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच आवश्यक आहे. या पुरवठ्याच्या अर्थिंग तारेतून शेजारच्या नौकांचे धातू आपल्या धातूंशी जोडले जातात आणि झिंक झपाट्याने संपते. ते टाळण्यासाठी या तारेतला झीज घडवणारा क्षीण प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा तरंगता स्विच मुख्य स्विच बंद असतानाही चालू राहील अशी जोडणी करावी, मात्र तिला स्वतंत्र फ्यूज हवा.

गॅस : स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळात साठतो, आणि तेथेच बॅटरी व पंप असतात. सिलिंडर डेकवर, बाहेर उघडणाऱ्या खालच्या छिद्राच्या कपाटात ठेवावा. घरगुती मांडणी उचलून नौकेत बसवण्याची सवय अत्यंत गैर आहे; येथे काटकसरीचा विचारही करू नये.

मैलापाणी : ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. मैलापाणी टाकीत साठवून धक्क्यावरच रिकामे करणे हाच येथे योग्य मार्ग ठरतो. नळ्यांत साचणारा क्षार सौम्य आम्लाने, साध्या व्हिनेगरनेही, सुटतो.

कायदा : अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांची पाहणी व नोंदणी आता १९१७ च्या कायद्याऐवजी अंतर्गत जलयान अधिनियम, २०२१ नुसार होते. राज्यात या कामाशी मुख्यतः १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचा संबंध येतो. कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला असून बेलापूर येथून २०२२ मध्ये जलटॅक्सी सुरू झाली.