दहातले एक रोप किडीसाठी

कॅनडाच्या प्रेअरी म्हणजे गवताळ मैदानांच्या प्रांतांत गव्हाच्या काही वाणांचे बियाणे मुद्दाम मिसळून विकले जाते. पोत्यातले ९० टक्के दाणे एका विशिष्ट किडीला दाद न देणाऱ्या वाणाचे असतात आणि उरलेले १० टक्के तिला सहज बळी पडणाऱ्या वाणाचे. प्रतिकारक वाण हाती असताना सगळेच शेत त्याने का भरू नये, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर उत्क्रांतीच्या हिशेबात आहे.

ही कीड म्हणजे गव्हावरची नारिंगी मिजमाशी. मूळची युरोपातली ही दोन-तीन मिलिमीटरची माशी त्यांपैकी सस्कॅचेवान प्रांतात १९८३ साली मोठ्या प्रमाणावर उफाळून आली. जूनच्या अखेरीपासून ती जमिनीतून बाहेर पडते, संध्याकाळी वारा पडला की नुकत्याच निसवलेल्या ओंब्यांवर अंडी घालते, आणि अळी तुसाच्या आत शिरून कोवळ्या दाण्यावर पोसते. आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. शिवाय अवेळी केलेल्या फवारणीत मिजमाशीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालणारी एक चिमुकली परोपजीवी गांधीलमाशीही मरते, आणि तिच्यासारखा फुकटचा राखणदार दुसरा नाही.

प्रतिकारक गव्हात ‘एसएम-१’ नावाचे जनुक असते. अळीने दाणा कुरतडायला सुरुवात केली की दाण्यातील फेरुलिक आम्लासारख्या फिनॉलिक आम्लांचे प्रमाण झपाट्याने वाढते, अळी खाणे थांबवते आणि उपाशी मरते. पीक पक्व होईपर्यंत ही आम्ले नेहमीच्या पातळीवर उतरतात. ‘जनुक’ म्हटले की कान टवकारणाऱ्यांसाठी सांगायला हवे, की हे गव्हाचेच जनुक आहे आणि ते नेहमीच्या संकरातून या वाणांत आले आहे.

आता मुख्य मुद्दा. मिजमाशीतही अशी एखादी अळी निघते, जिच्यावर या आम्लांचा परिणाम होत नाही. ही क्षमता अप्रभावी जनुकामुळे येते असे धरले, तर आई आणि बाप या दोघांकडून ते मिळाले तरच अळी जगते. समजा, या जनुकाच्या हजार प्रतींमागे एक अशी आहे. मग दुहेरी वारसा असलेली अळी दहा लाखांत एखादीच सापडेल. सगळे शेत प्रतिकारक असेल, तर फक्त अशाच अळ्या वाचतील, त्यांचे मीलन आपसांतच होईल आणि पुढची सगळी प्रजा गव्हावर मात करणारी निपजेल. परंतु दहापैकी एक रोप किडीला सोपे ठेवले, तर त्यावर साध्या अळ्या मोठ्या संख्येने वाढतात. दुर्मीळ माशीचा जोडीदार जवळजवळ नेहमी त्यांच्यातला असतो, संततीला ते जनुक एकेरीच मिळते, आणि ती प्रतिकारक ओंबीवर मरते. त्या थोड्या रोपांवर गांधीलमाशीलाही यजमान मिळत राहतो.

सोपा गहू वेगळ्या तुकड्यात का पेरत नाहीत? कारण मिजमाशा जमिनीतून निघाल्यावर तिथेच जोडी जमवतात आणि मादी त्यानंतर उडते. म्हणून मिश्रण पोत्यातच करावे लागते. २०१० पासून असे बियाणे बाजारात आहे; घरचे बियाणे ठेवण्याची मुभा बियाणे घेताना केलेल्या करारानुसार एकाच पिढीपुरती असते, कारण पुढे मिश्रणाचे प्रमाण ढळते.

‘शंभर टक्के बंदोबस्त’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी प्रेअरीतल्याच अल्बर्टा प्रांतातील कॅनोला या तेलबियांच्या पिकाकडे पाहावे. त्याच्या मुळांवर गाठी आणणारा क्लबरूट रोग तिथे २००३ मध्ये आढळला, प्रतिकारक वाण २००९ मध्ये आले, आणि २०१३ मध्ये त्यांनाही न जुमानणारे रोगजंतू सापडले. आपल्याकडे बीटी कपाशीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. ती पुष्कळदा पेरलीच गेली नाही, आणि गुलाबी बोंडअळीने बीटीवर मात केली त्याच्या कारणांत हेही एक धरले जाते.

मिजमाशीविरुद्ध प्रेअरीतील गव्हाची भिस्त मात्र अजून एकट्या एसएम-१ वरच आहे. म्हणून माशीला अंडी घालायला नकोशा वाटणाऱ्या आणि केसाळ तुसांच्या ओंब्यांचे गुण पैदासकार नव्या वाणांत आणू पाहत आहेत.