कर्ता माणूस गेल्यानंतर : गरीब घराच्या कथेतील एक प्रसंग

गरीब घरातला कमावता माणूस मरतो आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत घरातल्यांना उद्याच्या भाकरीचा विचार करावा लागतो. त्या वेळेभोवती रचलेला प्रसंग कथा-कादंबऱ्यांतून वारंवार येतो. एकोणिसाव्या शतकापासून, म्हणजे कारखाने, खाणी आणि रोजंदारी यांच्याबरोबर, तो जगभरच्या वास्तववादी कथासाहित्यात रुजला. गिरणी, माग आणि विडी यांवर वाढलेल्या सोलापूरच्या वाचकाला त्यातले बारकावे घरातल्यासारखे कळतात, म्हणून ही नोंद त्या शहराला धरून केली आहे.

सधन घरात मरण आले की दुःखाला सवड मिळते. हातावर पोट असलेल्या घरात ती मिळत नाही. प्रेत दारात असतानाच कुणाला तरी लाकडांचे, वाहनाचे, आलेल्या पाहुण्यांच्या चहाचे पैसे काढावे लागतात. दुकानदाराची उधारी तशीच असते आणि बचत गटाचा हप्ता ठरल्या दिवशीच येतो. या प्रसंगाचा गाभा त्या हिशेबात आहे. रडणारी बायको कुणीही लिहू शकतो. रडता रडता मनात आकडेमोड करणारी बायको लिहायला मात्र लेखकाने गरिबी जवळून पाहिलेली असावी लागते, आणि तिची ती आकडेमोड निर्दयपणा मानायची नाही एवढे मोठे मनही त्याच्याकडे असावे लागते.

याचे सर्वांत नेमके उदाहरण म्हणजे डी. एच. लॉरेन्सची १९११ साली प्रसिद्ध झालेली ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स’ ही कथा. इंग्लंडमधल्या कोळसा खाणीच्या वस्तीत एलिझाबेथ बेट्स नवऱ्याची वाट पाहते आहे. दोन मुले घरात, तिसरे पोटात. नवरा दारूच्या गुत्त्यात बसला असेल म्हणून ती चिडलेली आहे. मग खाणीत अपघात झाल्याची कुणकुण लागते. अजून काहीच नक्की कळलेले नसते, पण तिचे मन झपाट्याने हिशेब करू लागते : तो गेला असेल तर तुटपुंज्या पेन्शनवर आणि स्वतःच्या कमाईवर भागेल का? नुसता जखमी असेल तर घरी त्याची शुश्रूषा करता करता त्याची दारू सुटेल का? हा विचार करताना तिचे डोळे भरून येतात, आणि लगेच ती स्वतःला सावरते, कारण असल्या हळवेपणाची चैन आपल्याला परवडणारी नाही हे तिला ठाऊक आहे. पुढे प्रेत घरी येते. अंगावर जखम नाही, माणूस गुदमरून मेलेला आहे. सासू आणि सून मिळून त्याला धुतात, आणि ज्याच्याबरोबर इतकी वर्षे काढली तो माणूस आपल्याला कधी कळलाच नव्हता, ही जाणीव तिला त्या वेळी होते. आधीचा हिशेब गाळला असता तर ही जाणीव नुसती शोभेची वाटली असती. पोटाची काळजी खरी ठरली, म्हणूनच मनाची उलथापालथही खरी ठरते.

याच हिशेबाची दुसरी बाजू दस्तयेव्स्कीच्या १८६६ मधल्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीत दिसते. दारूने वाया गेलेला मार्मेलादोव घोडागाडीखाली सापडून मरतो. त्याची बायको कातेरिना इवानोव्हना क्षयाने खंगलेली, मुले उपाशी. कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव तिला मदत म्हणून पैसे देतो आणि त्यातले जवळजवळ निम्मे ती नवऱ्याच्या श्राद्धाच्या जेवणावर उधळते. बाहेरून पाहणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. आपल्याकडे तेराव्यासाठी कर्ज काढणारे घर ज्याने पाहिले आहे, त्याला तो वाटणार नाही. ‘आपणही चारचौघांसारखेच आहोत’ हे दाखवायची गरिबाला मिळणारी ही एकच संधी असते, कारण त्या दिवशी लोक त्याच्या दारी येतात. दस्तयेव्स्की तिच्यावर हसत नाही आणि तिचे समर्थनही करत नाही. त्याच दिवशी घरमालकीण तिला बाहेर काढते. मुलांना रस्त्यावर गायला-नाचायला लावून भीक मागण्याच्या धडपडीत तीही कोसळते.

प्रेमचंदांच्या ‘गोदान’चा शेवट (१९३६) भारतीय वाचकाच्या मनात कायमचा राहिला तो वीस आण्यांमुळे. दारात गाय बांधायची एवढीच गरीब शेतकरी होरीची इच्छा. त्या आशेवर तो भर उन्हात मजुरीला जातो आणि ऊन लागून मरतो. लोक त्याच्या बायकोला, धनियाला, गोदान करायला सांगतात. सुतळी विकून आलेले वीस आणे ती आणते, नवऱ्याच्या गार पडलेल्या हातावर ठेवते आणि घरात गाय नाही, वासरू नाही, हेच यांचे गोदान, असे पुरोहिताला सांगून कोसळते. प्रेमचंदांनी इथे रक्कम सांगितली, ती कुठून आली तेही सांगितले. ‘थोडेसे पैसे’ असे लिहिले असते तर प्रसंग निम्माही उरला नसता. गरिबाच्या कथेत आकडा हाच तपशील असतो.

सोलापुरात हा प्रसंग कसा घडतो ते पाहायचे तर शहराची घडण पाहावी लागते. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या काळातच, १८७७ मध्ये, इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोक अजूनही तिला ‘जुनी मिल’ म्हणतात. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या आल्या. गावाकडचे शेत सुटलेले मराठी आणि कन्नड बोलणारे लोक, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, दखनी बोलणारे मुसलमान कामगार असे सगळे गिरणीच्या भोंग्यावर उठू-झोपू लागले. पूर्व भागात घराघरांत हातमाग होते. त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि सोलापुरी चादर देशभर गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या.

इथे हा प्रसंग वेगळे वळण घेतो. गिरणी बंद पडली तेव्हा घरातला कर्ता जिवंतच होता, पण त्याची कमाई मेली होती. सकाळी डबा घेऊन निघायची सवय हाडांत भिनलेला माणूस ओट्यावर बसून राहिला की घराला जे होते, त्याला सुतक नसते, दहावा नसतो, शेजारी भाकरी घेऊन येत नाहीत. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत नेमके हेच मरण आहे. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. पोरीच्या आणि बायकोच्या पोटासाठी तो रात्री प्रेते उकरून त्यांच्या अंगावरचे सोने काढू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज होते, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. कर्ता माणूस हयात आहे, पण ज्या हातांवर घर उभे होते ते हात गेले. मराठी कथेत कमावत्याच्या हानीचा इतका कठोर आणि इतका माणुसकीने लिहिलेला प्रसंग क्वचितच सापडेल. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वश्रेष्ठ मराठी कथा आहे.

सोलापूर आणखी एक प्रश्न समोर ठेवते : घरातला कमावता नक्की कोण? पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, दारात सूप घेऊन बसलेल्या बायका हे रोजचे दृश्य आहे. भिजवलेली तेंदूची पाने कापायची, तंबाखू भरायची, दोऱ्याने बांधायचे आणि मोजून कारखान्यात द्यायचे. मजुरी हजार विड्यांमागे, नापसंत विड्या बाजूला पडतात आणि त्यांची मेहनत वाया जाते. मागावरच्या माणसाचा पगार दारूत, आजारपणात किंवा मंदीत अडकला की घर याच हजारांवर चालते. रेशनकार्डावर कर्ता म्हणून नाव पुरुषाचे, आणि चूल पेटते बाईच्या बोटांवर. तेव्हा अशा घरातला पुरुष गेला तर नेमके काय जाते, आणि बाई गेली तर काय, हे लेखकाला नीट तपासावे लागते. प्रेमचंदांच्या ‘कफन’मध्ये (१९३५) ते तपासलेले आहे. बुधिया बाळंतपणात तडफडून मरते. दोन आळशी पुरुषांचे पोट तिच्याच मजुरीवर चालले होते. कफनासाठी मागून आणलेले पैसे सासरा आणि नवरा गुत्त्यात उडवतात. कमावती गेली याचे भान त्यांना येते, पण तेही तिने मरून आपल्याला पोटभर खायला घातले या कृतज्ञतेच्या रूपात. वाचकाला तो अंगावर काटा आणणारा क्षण सोसावाच लागतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधली विदर्भातली कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणात आणि आजारात सगळे घर एकटीच्या बळावर ओढते. तिथे कर्ता पुरुष मरणाच्या कितीतरी आधी नाहीसा झालेला आहे.

मरणानंतरचा दुसरा प्रसंग म्हणजे विधवेचे कामावर जाणे. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९२९) हरिहर काशीत मरतो आणि सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकीण होते. स्वतःच्या मोडक्या घरात ती गरीब होती, पण मालकीण होती. आता परक्या चुलीपुढे तिचे मूल नोकराचे मूल ठरते. फ्रेंच लेखक झोलाच्या ‘जर्मिनाल’मध्ये (१८८५) संपावरच्या खाण कामगारांवर सैनिक गोळ्या झाडतात, त्यात माहू मरतो. घरचे कुणी आधी खाणीत उतरले तर गळा दाबीन, असे त्याची बायको म्हणाली होती. शेवटी चाळिशीत तीच खाणीत उतरते आणि तीस सू रोजावर हाताने पंखा फिरवत राहते. तिचा निश्चय मोडला असे म्हणून या दृश्याकडे पाहणे मला पटत नाही. तिच्या घरी खाणारी तोंडे उरली आहेत, आणि झोलाने तिला दोष देणारे एकही वाक्य लिहिलेले नाही. १९३० मध्ये इंग्रज सरकारने सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हे सोलापूर विसरलेले नाही. इतिहास त्यांची नावे जपतो. त्यांच्या घरी पुढच्या महिन्यात चूल कशी पेटली, हे विचारायचे काम कथेचे आहे.

मराठीत विधवेच्या वाट्याला येणारी विटंबना आधी मध्यमवर्गीय घरांतून लिहिली गेली. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेल्या कादंबरीत नवरा गेल्यावर यमूचे जबरदस्तीने केशवपन होते. कष्टकरी घरांत केशवपन नव्हते, पण कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे होतेच, आणि त्याच हातांनी चौथ्या दिवशी विड्या वळायला बसणेही होते. या प्रथा बंद व्हाव्यात म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने मोहीम चालवली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. आज बांगड्या फोडण्याचा प्रसंग लिहिणाऱ्याला, ती फोडणारी शेजारीण कोण आणि तिला थांबवणारी कोण, हेही लिहावे लागेल.

हा प्रसंग फसतो तो बहुधा भरताडामुळे. त्याच रात्री कोसळणारा पाऊस, त्याच दिवशी आलेले सावकाराचे पत्र, मुलाच्या तोंडी मोठ्या माणसाची वाक्ये. लहान मुलाला मरण कळत नाही. घरात खूप माणसे आली, कुणीतरी गोड खायला दिले, शाळेला सुट्टी पडली, याचा त्याला आनंदही होतो. तो आनंद जसाच्या तसा लिहिला तर आईला काय वाटले ते वेगळे सांगावे लागत नाही. वस्तूंचेही तेच. मागावर जाताना नेण्याचा डबा, कपाटातला एकच धड शर्ट, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली पिशवी यांचे काय करायचे, हा घरातल्यांपुढचा खरा प्रश्न असतो. शर्ट थोरल्याला होईल का, हे आई त्याच्या खांद्याला लावून पाहते तेव्हा दुःख आणि काटकसर एकाच हालचालीत दिसतात.

आजच्या काळात या प्रसंगात कागदपत्रांची भर पडली आहे, आणि लेखकांनी तिकडे अजून लक्ष द्यायला हवे. मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद, भविष्य निर्वाह निधी, विधवेचे पेन्शन. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ पासून महिन्याला किमान १००० रुपये ठरले आहेत. कामावर असताना अपघाती मरण आले तर भरपाईची कायदेशीर तरतूद १९२३ पासून आहे, पण कामगाराचे नाव हजेरीवरच नसेल तर त्याच्या बायकोला आधी तो तिथे कामाला होता हे सिद्ध करावे लागते. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते आणि पात्र ठरल्यास घराला एक लाख रुपये मिळतात. टेबलापलीकडचा माणूस मयताचे नाव विचारतो, स्पेलिंग विचारतो, आधारवर वेगळे आणि पगाराच्या कागदावर वेगळे का आहे ते विचारतो. तेलुगू आडनाव मराठी कारकुनाने एका प्रकारे आणि इंग्रजी फॉर्मने दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असते, आणि बाईला दोन्ही कागद घेऊन पुन्हा यायला सांगितले जाते. त्या दिवशीच्या तिच्या विड्या बुडतात.