हाक की माग? परोपजीवी माशी शोध कुठून सुरू करते

ट्रायकोकार्डची, म्हणजे आत परोपजीवी माशीची पिल्लं वाढत असलेली अंडी चिकटवलेल्या कागदाची पट्टी उसाच्या पानाखाली टाचली की माणसाचं काम संपतं. पुढचं काम किडीच्या अंड्यांत आपलं अंडं घालणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रायकोग्रामा माशीचं. शिवारभर पसरलेल्या पानांतून खोडकिडीच्या अंड्यांचा एखादा पुंजका तिला हुडकायचा असतो, आणि हाताशी असतात मोजके दिवस. ती सुरुवात कुठून करते, या प्रश्नाचा नीट अभ्यास सुरू होऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत.

१९३५ साली यजमान कीड आणि तिच्यावर वाढणारी माशी यांच्या संख्येतल्या चढउतारांचं जे प्रसिद्ध गणित मांडलं गेलं, त्यात माशी वाट फुटेल तिकडे फिरते असं धरलं होतं. गणित सुटायला ते सोयीचं होतं. दोनच वर्षांनी मांसातल्या अळ्यांवर अंडी घालणाऱ्या माश्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. अळी नसलेल्या नुसत्या मांसाच्या वासाकडेही माश्या जात होत्या. म्हणजे आधी ठिकाण, मग यजमान. त्याच वर्षी ट्रायकोग्रामाबद्दलही एक बारीक गोष्ट लक्षात आली. एक मादी ज्या अंड्यावरून चालून गेली, ते दुसरी टाळते. पण तेच अंडं धुऊन ठेवलं की स्वीकारते. पायांचा वास मागे राहत होता. पुढे या सगळ्याच्या पायऱ्या ठरल्या: अधिवास शोधणं, यजमान शोधणं, तो पसंत करणं, तो पिल्लांना मानवणं. पाठ्यपुस्तकांत त्या अजून आहेत, म्हणून इथे थांबत नाही.

खरी गती आली ती १९७० नंतर, अमेरिकेतल्या कापूस आणि मक्याच्या पट्ट्यात. बोंडअळीच्या विष्ठेतून आणि पतंगाच्या खवल्यांतून माशीला थबकवणारी रसायनं वेगळी काढली गेली. १९७३ मध्ये पतंगाच्या खवल्यांतलं ट्रायकोसेन सापडलं. नुसता २३ कार्बनांचा हा मेणासारखा पदार्थ ट्रायकोग्रामाची चाल बदलतो: ती सरळ जाणं सोडून गोलगोल, जवळजवळ वळणं घेत फिरू लागते. मग पिकावर खवल्यांचा अर्क फवारण्याची कल्पना निघाली, आणि तिथेच एक गफलत पुढे आली. हे पदार्थ जेमतेम उडतात. लांबून ओढत नाहीत, जवळ आलेलीला धरून ठेवतात. सरसकट फवारले तर माशी अंडं नसलेल्या पानावरही घुटमळत बसते आणि दिवस वाया जातो. म्हणून पुढे हा अर्क मातीच्या बारीक कणांना लावून विखुरण्याचे प्रयोग झाले.

लांबून येण्याचं कोडं तसंच राहिलं. अळीला सापडायचं नसतं, त्यामुळे तिचा स्वतःचा वास तुटपुंजा, पण मिळाला तर खात्रीचा. झाडाचा वास भरपूर, पण त्यावरून अळी आहे की नाही हे कळत नाही. १९९२ च्या एका आढाव्यात ही अडचण नेमकी मांडली गेली: जे सहज जाणवतं ते भरवशाचं नाही, जे भरवशाचं ते सहज जाणवत नाही.

तोपर्यंत यावरचं एक उत्तर मक्याच्या रोपांनी दिलेलं होतं. १९९० मधला प्रयोग असा: पान ब्लेडने खरवडलं, तर गवत कापल्यासारखा हिरवा वास येतो आणि लवकरच विरतो. त्याच खरवडलेल्या जागी लष्करी अळीच्या तोंडातला द्रव लावला, तर काही तासांनी रोप टर्पीन या सुगंधी रसायनांच्या गटातले वास सोडू लागतं आणि माश्या तिकडे वळतात. त्याच रोपाची अळीने न खाल्लेली पानंसुद्धा हा वास सोडतात. १९९७ मध्ये त्या द्रवातला कळीचा रेणू सापडला आणि त्याला व्होलिसिटिन हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी दिसलं की एक माशी तंबाखू आणि कपाशीवर दोन जवळच्या बोंडअळ्यांतली आपली कोणती, हे झाडाच्या वासावरून ओळखते.

इथून शब्दांचा गुंता सुरू होतो, आणि तो नुसता शब्दांचा नाही. आपल्याकडे फेरोमोनला, म्हणजे एकाच जातीतल्या जिवांनी एकमेकांसाठी सोडलेल्या वासाला, ‘कामगंध’ हा चांगला शब्द रुळला, कारण सापळे नरांना फसवण्यासाठीच विकले जातात. मुंग्यांच्या वाटेवरच्या फेरोमोनला मात्र तो लावता येत नाही. १९७० मध्ये कैरोमोन ही संज्ञा आली: वास एकाचा, फायदा तो हुंगणाऱ्या दुसऱ्याचा. १९७६ मध्ये सिनोमोन आली: सोडणाऱ्याचाही फायदा, हुंगणाऱ्याचाही. मक्याचा निष्कर्ष आल्यावर झाडाचे वास सिनोमोनच्या खणात टाकले गेले आणि लोकप्रिय लेखनात त्याचं ‘झाडाची मदतीची हाक’ झालं. गोष्ट म्हणून झकास. पण या खणात टाकण्याआधी झाडाच्या पदरात काय पडलं हे मोजायला हवं होतं, आणि मोजणी यायला दहा वर्षं लागली.

मोजणी आली तीही एका सुरात नाही. यांतल्या बहुतेक माश्या अळीला तिथल्या तिथे मारत नाहीत. अळी जिवंत राहते, खात राहते, आतलं पिल्लू वाढत राहतं. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांच्या अळीत एकच अंडं घालणारी माशी असेल, तर अळीचं खाणं घटतं. एका वेळी वीस-तीस अंडी घालणारी तिची भाऊबंद असेल, तर अळी निरोगी अळीइतकंच, कधी जास्तही खाते. मग त्या कोबीने हाक मारून काय मिळवलं? मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर २००० मध्ये आणि मक्यावर २००१ मध्ये बी जास्त धरल्याचं दिसलं, पण तिथे अळीचं खाणं कमी करणाऱ्या माश्या होत्या. अमेरिकेतल्या युटाह राज्यात रानटी तंबाखूवर दोन हंगाम मोजलं, तेव्हा वास सोडणाऱ्या झाडांना दुपटीने कळ्या-फुलं आली. पण तिथे मदतीला आलेला कीटक शिकारी ढेकूण होता, अळी जागच्या जागी संपवणारा. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसलं की माशीच्या पिल्लांवर जगणाऱ्या दुसऱ्या माश्याही झाडाच्या वासावरूनच येतात, आणि आत पिल्लं असलेल्या अळीने खाल्लेलं झाड त्यांना वेगळं ओळखू येतं. म्हणजे तेच झाड, तोच वास, आणि कोण हुंगतंय त्यावर तो सिनोमोन की कैरोमोन हे बदलणार. १९८८ मध्ये ‘इन्फोकेमिकल’ (माहिती देणारं रसायन) हा तटस्थ शब्द सुचवला गेला होता तो अशाच अडचणींसाठी. तो कोरडा आहे, पण प्रामाणिक आहे.

मराठीत या वादाचा निकाल दोन शब्दांत लागतो: हाक आणि माग. हाक कुणीतरी मारते. माग राहून जातो, आणि ज्याला काढता येतो तो काढतो. झाडाच्या वासाला सरसकट हाक म्हणायला अजून पुरावा अपुरा आहे. माशी माग काढते, एवढं मात्र पक्कं.

आणि माग काढायला ती शिकते. १९९० च्या एका प्रयोगात बोंडअळीवरच्या माशीला यजमानाबरोबर एक वास आणि साखरपाण्याबरोबर दुसरा वास दिला. वास होते व्हॅनिला आणि चॉकलेटचे. भुकेली माशी खाण्याशी जोडलेल्या वासाकडे गेली, पोट भरलेली यजमानाशी जोडलेल्या वासाकडे. प्रयोगशाळेत इंग्रजी Y आकाराच्या नळीच्या दोन भुजांतून दोन वास सोडून माशी कुठे वळते ते पाहतात; या वाय-नळीच्या चाचण्या फसतात त्या बऱ्याचदा इथेच. माश्यांना आधी मध-पाणी दिलेलं नसेल तर त्या यजमान सोडून अन्न शोधतात. कोषातून निघताना त्यांनी कोणता वास घेतला, याची नोंद नसेल तर निकाल वाचता येत नाही. उजेड एका बाजूने येत असेल तर सगळ्या तिकडेच जातात. म्हणून हवा कोळशातून गाळून ओलसर करायची, एका वेळी एकच मादी सोडायची, चार-पाच माद्यांनंतर भुजा अदलाबदल करायच्या, नळी ॲसिटोनने धुऊन भट्टीत वाळवायची, आणि पाच मिनिटांत न निवडणारी वेगळी मोजायची.

शेतात मामला आणखी वेगळा. केनियात १९९७ मध्ये मक्यात मोलॅसिस गवताच्या ओळी लावल्या, तेव्हा खोडकिडा घटला आणि त्याच्यावरची माशी वाढली. हे गवत किडीने न खाताही खाल्लेल्या झाडासारखा वास सोडतं. याउलट इंग्लंडमध्ये माव्याचा धोक्याचा वास सोडणारा जनुकबदल केलेला गहू प्रयोगशाळेत उत्तम चालला. २०१२ आणि २०१३ च्या हंगामांत शेतात ना मावा घटला, ना माश्या वाढल्या. मावा तो वास धोक्याच्या क्षणी झटक्यात सोडतो, गहू अखंड सोडत होता. वासामागे काही सापडत नसेल तर माशी तो मनावर घेत नाही, अशीही शक्यता त्यावेळच्या चर्चेत होती.

पोचल्यावर थांबायचं किती, हाही वाद आहे. १९७६ च्या गणिताप्रमाणे त्या जागेवरची मिळकत सगळ्या शिवारातल्या सरासरीखाली गेली की निघायचं. पण माशीला सरासरी कळणार कशी? पिठातल्या अळीवरच्या माशीवर १९७९ मध्ये दिसलं की वासाच्या कडेला आली की ती मागे वळते, ही ओढ हळूहळू ओसरते, आणि प्रत्येक अंडं घातल्यावर पुन्हा थोडी वाढते. १९९५ मध्ये त्याच जातीवर उलटं दिसलं: प्रत्येक अंड्यागणिक थांबण्याची वेळ घटते. यजमान पुंजक्यांत असतील तर पहिला नियम फायद्याचा, एकेकटे विखुरलेले असतील तर दुसरा.

ट्रायकोग्रामा बऱ्याच पायऱ्या गाळते. पतंग रात्री सोडतो तो कामगंध पानाच्या मेणात मुरतो आणि दिवसा फिरणाऱ्या माशीला सकाळी उपयोगी पडतो. २००५ मध्ये तर कोबीवरच्या फुलपाखरावर स्वार होणारी जात सापडली: मिलनाच्या वेळी नर मादीला दुसरे नर दूर ठेवणारा वास लावतो, आणि माशी नेमक्या त्याच वासावरून तिच्या अंगावर चढते.

उसात मात्र तिला कार्डापासून स्वतःच्याच बळावर निघायचं असतं, आणि टप्पा काही मीटरांचाच. हेक्टरी ५०,००० अंडी, कार्डावर साधारण २०,०००, म्हणजे अडीच कार्डं. ती पाच जागी टाचली तर एका जागेवर २,००० चौरस मीटर येतात. मधला पट्टा तसाच राहतो. एका कार्डाच्या वीस पट्ट्या केल्या तर ५० जागा होतात, दोन जागांत १४ मीटर, आणि कुठलंही पान पट्टीपासून १० मीटरच्या आत. पट्टी पानाच्या खालच्या बाजूला, अंडी काळी पडल्यावर, माश्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी लावायची. फार आधी लावली तर मुंग्या नेतात, उशीर झाला तर माश्या डब्यातच निघतात.